आधी हात, मग पिस्तूल



शाळेच्या वार्षिकांकात पिस्तुलावरचा लेख पाहून काही पालकांच्या कपाळावर आठी उमटेल, हे मी जाणून आहे. पाटी, पुस्तक आणि खडू ह्यांच्या सान्निध्यात पिस्तूल शोभत नाही असे कोणी म्हटले, तर त्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्या बसवकल्याणात बसवेश्वरांनी दयेचा महिमा गायिला, ते आपल्या शाळेपासून फार दूर नाही. तथापि ज्या पिस्तुलाविषयी मी लिहीत आहे ते माणसावर रोखण्यासाठी घडविलेले नाही. कागदावरील एका वाटोळ्या काळ्या ठिपक्यासाठी घडविलेले आहे. आणि लिहिण्याचे कारण असे की, हे पिस्तूल विकत घेण्यापायी आपल्या एका विद्यार्थिनीच्या घरची बैलजोडी विकली जाण्याच्या बेतात होती.

२०२५ च्या संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मधल्या सुटीत एक शेतकरी गृहस्थ आपल्या नववीतील मुलीला घेऊन शिक्षकांच्या खोलीशी आले. मुलगी राष्ट्रीय छात्रसेनेत होती, आणि शिबिरात .२२ च्या रायफलीने तिने झाडलेल्या गोळ्या कागदावर एकमेकींच्या अगदी जवळ पडल्या होत्या. ते म्हणाले, "बाई, पोरीला पिस्तूल घ्यायचंय. पॅरिसला ज्या पोरीला दोन मेडलं मिळाली, तिच्याजवळ व्हतं तेच पायजे. तुरीचे पैसे आलेत. कमी पडलं तर बैलजोडी इकतो."

परदेशी बनावटीचे स्पर्धेचे पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. त्या गृहस्थांच्या वर्षभराच्या घामाची ती किंमत होती. मी कलाशाखेची पदवीधर. यंत्रशास्त्र हे काही माझे क्षेत्र नव्हे. परंतु कारवारला शिकत असताना दोन वर्षे मी नेमबाजीच्या मैदानावर उभी राहिले होते, आणि तेवढ्या शिदोरीवर मी म्हणाले, "मामा, पिस्तूल मागाहून बघू. आधी हिचा हात बघू या."

मी मुलीला भिंतीवरचे घड्याळ दाखविले. हात लांब करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, अंगठ्याने ते झाकावयास सांगितले. मग एकेक डोळा मिटावयास लाविला. उजवा डोळा मिटला तेव्हा अंगठा घड्याळावरच राहिला. डावा मिटताच तो बाजूला सरकला. याचा अर्थ नेम धरणारा तिचा डोळा डावा होता. मी विचारले, "तू लिहितेस कोणत्या हाताने?" ती बापाकडे पाहू लागली. बाप ओशाळून म्हणाला, "लहानपणी डावरीच व्हती बाई. आम्हीच सवय मोडली."

मित्रहो, ह्या एका क्षणात त्या लाखभर रुपयांचा निकाल लागला. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ ही कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी कोणत्याही हाताने धरता येईल अशी नसते. तळव्याचा उंचवटा, अंगठ्याचे मूळ, बोटांच्या पेऱ्यांमधील खळगे ह्यांबरहुकूम ती लाकडातून कोरलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसत नाही. "तिच्याजवळ व्हतं तेच" पिस्तूल जसेच्या तसे घरी आले असते, तर त्या मुलीच्या हातात ते दुसऱ्याच्या पायातील जोड्यासारखे झाले असते.

येथे माझ्या मताचा पहिला मुद्दा येतो. आपण विचारतो, "कोणते पिस्तूल चांगले?" खरा प्रश्न आहे, "कोणाच्या हातासाठी?" स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी ही ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी व इटली ह्या देशांतील घराण्यांची नावे नेमबाजांच्या तोंडी असतात. ह्यांपैकी कोणाचेही स्पर्धेचे पिस्तूल चिमट्यात घट्ट बसवून झाडले, तर दहा मीटरांवर छर्रे जवळजवळ एकाच छिद्रातून जातात. म्हणजे यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. मग ज्या यंत्राने माणसाच्या चुका कमी होतील, तेच त्याच्यापुरते उत्तम.

चुकीचे गणित थोडे समजावून घ्या; भूमितीच्या तासाला ते उपयोगी पडेल. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. छर्रा ४.५ मिलिमीटरांचा, त्याची कड वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटर ढळला तरी चालते. आता पिस्तुलावरील मागची खाच आणि पुढची माशी ह्यांतील अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा. दहा मीटर हे त्याच्या सुमारे एकतीस पट. तेव्हा माशी खाचेच्या मध्यातून अवघी पाव मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर छर्रा आठ मिलिमीटर सरकतो! उलट, माशी व खाच एका रेषेत राहून सबंध हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो, आणि दहा गुण पदरात पडतात. हात थोडा हलणे हा गुन्हा नव्हे. मनगट वाकणे हा गुन्हा होय.

अर्जुनाची गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. त्याला केवळ पक्ष्याचा डोळा दिसत होता. पिस्तुलाच्या नेमबाजीत मात्र ह्याच्या उलट शिकवण द्यावी लागते. येथे लक्ष्य अंधुक दिसले पाहिजे आणि माशी लख्ख दिसली पाहिजे, कारण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. पुष्कळ नेमबाज तर काळ्या वर्तुळावर नेम न धरता त्याखालील पांढऱ्या भागावर धरतात आणि माशी-खाच तशी जुळवून घेतात. दूरच्या ध्येयाकडे टक लावून बसण्यापेक्षा हातातले काम स्वच्छ पाहावे, असा एक धडा ह्यातून घेता येईल. मी तो कोणावर लादीत नाही.

म्हणून पिस्तूल निवडताना प्रथम मूठ पाहावी. डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचलावा, आणि डोळे उघडताच माशी खाचेच्या मध्यभागी आपोआप आलेली असावी. ती दर वेळी डावीकडे किंवा खाली येत असेल, तर मूठ आपल्या हाताची नव्हे. चांगल्या मुठी लहान-मोठ्या मापांच्या व डाव्या-उजव्या हाताच्या मिळतात. तळव्याखालची फळी वर-खाली करता येते. थोडे लाकूड कानशीने घासता येते, थोडी लांबी भरता येते. बिदरमध्ये बिदरीचे काम करणाऱ्या कारागिराची छिन्नी कधी हातात घेऊन पाहा. काळ्या धातूवर चांदीची वेल कोरणाऱ्या त्या हाताला ती किती सरावलेली असते! हत्यार हाताचे होते, मग हात कलेचा होतो. आपल्या भाषेने ह्यासाठी किती नेमका शब्दप्रयोग योजिला आहे: "हात बसणे". माझी घरची बोली कोकणी. मराठी मी शाळेत शिकले. तरी ह्या भाषेवर माझा हात बसला तो दुसऱ्याची वाक्ये उसनी घेऊन नव्हे, रोज थोडे थोडे लिहून. पिस्तुलाचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट चाप. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅमचा भार पेलून राहिला पाहिजे; स्पर्धेपूर्वी नळी उभी धरून, चापाला वजन टांगून ते तपासतात. अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटाने उचलावी, एवढाच तो भार. परंतु तो खेचताना माशी हलू नये, ह्यात सारी विद्या आहे. यांत्रिक चाप असतात, तसे विजेऱ्यावर चालणारेही असतात. नवशिक्याला ह्यातला फरक सहसा कळत नाही. चापाची जागा त्याच्या बोटाच्या लांबीप्रमाणे पुढे-मागे करता येते की नाही, एवढे त्याने पाहावे.

तिसरी गोष्ट वजन. नियमाची कमाल मर्यादा दीड किलोची आहे. बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आगेमागे असतात. हे वजन एकाच हाताने, आधाराविना, सव्वा तासात साठ वेळा उचलावयाचे. वडीलधाऱ्यांच्या हाताला जे भरदार व स्थिर वाटते, ते चौदा वर्षांच्या खांद्याला तिसाव्या नेमानंतर दगडासारखे होते. मुलांसाठी आखूड व हलकी पिस्तुलेही निघतात. तीच आधी पाहावीत.

चौथी गोष्ट दुरुस्ती, आणि आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची. आजच्या पिस्तुलात दाबलेल्या हवेचे लहान नळकांडे असते. त्यातला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. ते भरावयास हातपंप किंवा मोठे नळकांडे लागते. शिवाय त्याला दहा वर्षांची मुदत असते. मुदत उलटलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही. जुने पिस्तूल स्वस्तात घेणाऱ्याने ही तारीख आधी वाचावी. प्रत्येक नेमापूर्वी तरफ एकदा दाबून हवा भरावी लागते, अशीही पिस्तुले आहेत. हात थकतो खरा, पण नळकांड्याची कटकट नाही. बिघाड झाला तर सुटा भाग कोठून येणार, सोलापुराहून, हैदराबादहून की समुद्रापलीकडून, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. २०२१ साली टोकियो येथे मनू भाकर ह्या आपल्या नेमबाज मुलीच्या पिस्तुलाची तरफ ऐन पात्रता फेरीत मोडली. मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि अंतिम फेरी तिला अवघ्या दोन गुणांनी हुकली. उत्तमात उत्तम यंत्रही दगा देऊ शकते. पण तीच मुलगी २०२४ साली पॅरिसला गेली, २८ जुलैला एकटीने आणि ३० जुलैला सरबजोत सिंगसह, अशी दोन कांस्यपदके घेऊन आली. यंत्राने घात केल्यानंतरच्या तीन वर्षांत तिला वर आणले ते कशाने? दुकानाने नव्हे, एवढे तर स्पष्ट आहे.

ह्याच पॅरिसच्या स्पर्धेतील तुर्कस्तानच्या युसूफ दिकेच ह्यांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल: साधा चष्मा, एक हात खिशात, आणि रौप्यपदक! ते पाहून "साधने कशाला हवीत?" असे पुष्कळांनी म्हटले. हे दुसरे टोक झाले. खिशातला हात ही काही बेफिकिरी नव्हे. खांदा स्थिर ठेवण्याची ती नेमबाजांची नित्याची रीत आहे. त्यांच्या दुसऱ्या हातात पिस्तूल स्पर्धेचेच होते, आणि त्यामागे पुष्कळ वर्षांचा सराव होता. साधन हवेच, पण साधनाने साधना होत नाही.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, "बाई, अशी काटकसर केली असती तर खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले असते काय?" आक्षेप वजनदार आहे. १९५२ साली खाशाबांना पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ साली, कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. ह्या त्यागांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु एक गोष्ट विसरू नये. खर्डेकरांनी घर गहाण टाकले ते १९४८ च्या लंडनच्या स्पर्धेत सहावे आलेल्या मल्लासाठी. हात सिद्ध झाला होता. पैशाची वाट अडली होती. आपण मात्र हात सिद्ध होण्यापूर्वीच घर गहाण टाकावयास निघतो, आणि मग पोराच्या खांद्यावर पिस्तुलाच्या वजनाखेरीज बैलजोडीचेही वजन पडते. ते वजन घेऊन कोणाची माशी स्थिर राहील?

डावरेपणाविषयी त्या गृहस्थांना मी एक हकीकत सांगितली, ती तुम्हालाही सांगते. हंगेरीच्या सैन्यातील कारोय ताकाच हा पिस्तुलाचा निष्णात नेमबाज. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गाजावाजा न करता डाव्या हाताने सराव आरंभिला आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला जलद नेमबाजीचे सुवर्णपदक डाव्या हाताने जिंकले. एकाने संकटामुळे डावा हात घडविला. आणि देवाने दिलेला डावा हात आपण घराघरांतून छड्या मारून मोडतो! ह्याची लाज मला शिक्षिका म्हणून वाटते, कारण ह्या कामी शाळाही मागे राहिलेल्या नाहीत.

कायदा व सुरक्षितता ह्यांविषयीही दोन शब्द. .२२ च्या पिस्तुलास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि वीस जूलच्या आतील हवेच्या शस्त्रास २०१६ च्या नियमांनी परवान्यातून मोकळीक आहे. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा व वेग सेकंदास सुमारे दीडशे मीटर. म्हणजे ऊर्जा सहा जूलच्या आसपास. हा आकडा लहान म्हणून ते खेळणे समजू नये. डोळा जाण्यास तो पुरेसा आहे. नळी सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. काम संपताच पिस्तूल रिकामे व कुलपात. शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज डब्याला हात नाही. ज्या घरी हे चार नियम पाळले जाणार नाहीत, त्या घरी पिस्तूल नको, मग मूल कितीही गुणी असो.

तर मग सीमाभागातील गुणी मुलाने करावे तरी काय? माझी सूचना अशी. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या तालुक्यांतील माध्यमिक शाळांनी दोन-तीन मिळून एक पिस्तूल सामाईक घ्यावे. त्याची मूठ दोन्ही हातांना चालणारी असावी, किंवा डावी व उजवी अशा दोन मुठी असाव्यात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी द्यावी. पिस्तूल मुख्याध्यापकांच्या ताब्यात कुलपात राहावे. जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या जागी आठवड्यातून दोन दिवस सराव व्हावा. वर्ष-दोन वर्षांत ज्याचा हात बसला असे सर्वांना दिसेल, त्याच्यासाठी मग खुशाल झोळी फिरवावी. मी ती खांद्यावर घेऊन गावोगाव फिरेन. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि कुसाळे असे नेमबाज दिले, त्याअर्थी मराठी घरांत हा गुण आहे ह्यात शंका नाही. १९५६ साली राज्यांच्या सीमा हलल्या. मुलांच्या हातांतील गुणांना सीमा कशी कळणार? कन्नड बोलणारी मुलेही त्याच पिस्तुलाने त्याच कागदावर नेम धरतील. छर्ऱ्याला भाषा नसते.

ती बैलजोडी अजून गोठ्यात आहे. मुलीने पिस्तूल घेतलेले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत शहरातील एका नेमबाजीच्या वर्गात तेथीलच पिस्तुलाने, डाव्या हाताने, तिने पहिला सराव केला. घरी ती रोज सकाळी पाण्याची बाटली डाव्या हातात धरून, भिंतीवरील ठिपक्यासमोर हात लांब करून उभी राहते. आरंभी वीस आकडे मोजून होईतो हात थरथरू लागे. आता साठ होतात. पुढे काय होईल हे मला ठाऊक नाही. कदाचित ती स्पर्धेत उतरेल, कदाचित उतरणार नाही. परंतु परवा वर्गात फळ्यावर गणित सोडवावयास तिला बोलाविले, तेव्हा तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि खडू डाव्या हातात घेतला. मी काही बोलले नाही. अक्षर वाकडे होते, पण उत्तर बरोबर आले.